कळलावीचे विष आणि पेशींचा घाट

जव्हार-मोखाड्याच्या रानात पावसाळ्यात कळलावी फुलते. मागे उलटलेल्या, पिवळ्यातून लाल होत जाणाऱ्या पाकळ्यांवर नजर खिळते, पण खरी करामत पानात आहे. बुडाशी पसरट असलेले पान टोकाला धाग्यासारखे निमुळते होते, गुंडाळते आणि जवळच्या झुडपाला धरून वेल वर चढवते. झाडाच्या पेशी जागच्या हलत नाहीत. प्रत्येकीने कुठल्या बाजूला किती वाढायचे, एवढ्यावरच असला सगळा घाट ठरतो.

हा हिशेब उलगडण्यात याच वेलीतल्या विषाचा मोठा वाटा आहे. कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असते. मोजून दिले तर संधिवाताच्या एका प्रकारावर औषध, नाहीतर जिवावर बेतणारे. पॉल ग्रीन यांनी ते नायटेला या गोड्या पाण्यातल्या शेवाळाला दिले, तेव्हा नळीसारख्या लांब होणाऱ्या पेशी गोल फुगू लागल्या. पेशी विभागताना जसे प्रथिनांचे धागे दिसतात, तसलेच काही पेशीला दिशा देत असावे, असा तर्क त्यांनी १९६२ मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांना वनस्पतीच्या मुळांत, पेशीभित्तिकेला लागून, बारीक नळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. याच त्या सूक्ष्मनलिका. तर्क आधी, दर्शन नंतर, आणि तेही वर्षभरात: विज्ञानात असा योग क्वचितच जुळतो.

कोल्चिसीन या नलिकांच्या घटक प्रथिनाला चिकटते आणि त्यांची जुळणी अडवते. नलिका कशासाठी, हे २००६ मध्ये पारेदेझ, सॉमरव्हिल आणि एरहार्ट यांनी जिवंत पेशीत दाखवले: सेल्युलोज विणणारी यंत्रणा त्यांच्याच मार्गाने सरकते. कणगीभोवती कामट्या आवळाव्यात तसे सेल्युलोजचे आडवे वेढे बसले, की आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी रुंद न होता उंच होते.

मग नलिका कुठे रचायच्या, हे कोण सांगते? इथे रॉप नावाची छोटी संदेशवाहक प्रथिने येतात. जीटीपी रेणू धरला की ती चालू, त्याचा जीडीपी झाला की बंद. प्राण्यांत हेच काम रो, रॅक आणि सीडीसी-४२ ही भावंडे वाटून घेतात. वनस्पतींनी मात्र आपले एकच घराणे वाढवले. मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिसमध्ये त्याचे ११ सदस्य आहेत.

त्या झाडाच्या पानाच्या सालीतल्या पेशी नागमोडी कडांच्या, एकीचा फुगवटा दुसरीच्या खाचेत बसलेला. कॅलिफोर्नियातल्या झेनबियाओ यांग यांच्या गटाने २००५ मध्ये यामागची ओढाताण मांडली. फुगवट्याच्या जागी रॉप-२ हे आरआयसी-४ या साथीदार प्रथिनामार्फत ॲक्टिनचे बारीक धागे जमवते आणि आरआयसी-१ या दुसऱ्या साथीदाराला दाबून ठेवते. खाचेच्या जागी आरआयसी-१ सूक्ष्मनलिकांची शिस्तशीर रांग लावते, तिथली वाढ आवरते. पुढे कळले की या रांगेसाठी कॅटॅनिन हे नलिका कापणारे प्रथिन कामाला लागते. जपानी तलवारीचे नाव त्याला अगदी शोभते.

सगळे इतके सरळ नाही. या ओढाताणीला ऑक्झिन हे संप्रेरक एबीपी-१ या प्रथिनाद्वारे चालना देते, असे २०१० मध्ये सांगितले गेले. २०१५ मध्ये ते जनुक पूर्ण काढलेली झाडे धडधाकट वाढली आणि वाद पेटला. २०१८ मध्ये आणखी एक बाजू पुढे आली: मोठी, पसरट पेशी दाबाने फाटू नये म्हणून तिला नागमोड लागते. भात, नागली, वरईच्या पानांतल्या पेशी लांब आणि अरुंद असतात, त्यांच्यावर हा ताण मुळातच कमी.

डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली-वरई तगवायची, तर पानापेक्षा मुळाकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. मुळावरचा प्रत्येक मूलरोम म्हणजे एकाच पेशीचा लांबलेला कोंब, आणि जमिनीत सहज न सरकणारा फॉस्फरस गाठण्यात त्याची मोठी मदत होते. कोंब दिसण्याआधीच त्या जागी रॉप गोळा झालेले असते. त्याला आवरणारे एक प्रथिन बिघडवले, तर अरेबिडॉप्सिसच्या एकाच पेशीतून अनेक रोम फुटतात. भातातही रॉप चालू करणारे ओएस-रॉपजीईएफ-३ हे प्रथिन मूलरोमांच्या वाढीला लागते, हे आता दिसून आले आहे.