गुळाच्या गावातले दात

कोल्हापुरात राहून गोडाला नावं ठेवायची सोय नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली तीच गुळाच्या व्यापारासाठी. कोल्हापुरी गुळाला आता भौगोलिक मानांकनही आहे. दिवाळी उरकली की गुऱ्हाळं पेटतात, काहिलीतल्या रसाचा वास शिवारभर पसरतो आणि आल्यागेल्याच्या तळहातावर गरम गुळाचा गोळा पडतो. अशा जिल्ह्यात दातांच्या काळजीवर बोलणं म्हणजे तालमीत जाऊन उपासाचे फायदे सांगणं! तरी बोलतोच, कारण दातांच्या शास्त्रातल्या काही गमती कोल्हापुरातच ऐकाव्यात अशा आहेत.

जंतू ग्रॅम मोजत नाही, खेपा मोजतो

पहिला गैरसमज गुळाचाच. ‘साखर वाईट, गूळ चांगला’ हे पोटाला पटत असेल, दाताला पटत नाही. गुळातही मुख्य ऐवज सुक्रोजच, शिवाय तो चिकट. दात किडवणाऱ्या टोळीतला नामचीन जंतू स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. क्लार्क नावाच्या संशोधकाने तो १९२४ मध्ये ओळखला. हा गडी गोड खातो आणि आम्ल सोडतो. तोंडाचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागतं. पुढची वीस-तीस मिनिटं हा हल्ला चालतो. मग लाळ हळूहळू आम्ल निवळते आणि निघून गेलेली खनिजं परत भरते.

म्हणजे प्रश्न किती खाल्लं याचा कमी, किती वेळा खाल्लं याचा जास्त. होळीला जेवणाबरोबर चार पुरणपोळ्या रिचवल्या तर दातांवर हल्ला एकदाच. पण सकाळपासून दर तासाला अर्धा कप गोडमिट्ट चहा आणि अधूनमधून चिक्कीचा तुकडा चालू असेल, तर लाळेला डागडुजीला सवडच मिळत नाही.

हे ज्या प्रयोगाने पक्कं केलं तो मात्र काळाकुट्ट आहे. स्वीडनमधल्या लुंड शहराजवळच्या विपेहोल्म संस्थेत १९४५ पासून काही वर्षं मतिमंद रुग्णांना मुद्दाम गोड चारलं गेलं. काहींना दिवसभर चिकट टॉफ्या दिल्या. संमती कुणाचीच नव्हती. निष्कर्ष निघाला तो असा : जेवणाबरोबरच्या साखरेपेक्षा मधल्या वेळची चिकट साखर दातांचं कितीतरी जास्त नुकसान करते. त्यातूनच स्वीडिश घरांत पोरांना फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेटं देण्याची पद्धत रुजली. आपल्याकडे शनिवार उपासाचा, तेव्हा वार बदलून घ्या.

आणि ऊस? दातांनी सोलून खाल्ला की लाळ भरपूर सुटते, पण साखर ती साखरच. शिवाय कांडं फोडताना दाताचा टवका उडाला तर इनॅमल पुन्हा उगवत नाही. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, जवळजवळ ९६ टक्के खनिज. पण त्यात जिवंत पेशी नाहीत, त्यामुळे हाड जुळतं तसा तो जुळत नाही.

दातात कोरलेली जन्माची वेळ

बाळाचा पहिला दात दिसतो सहाव्या महिन्याच्या आसपास. त्याची तयारी मात्र आईच्या पोटातच झालेली असते. चौथ्या महिन्यातच दुधाच्या दातांत खनिज भरायला लागतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या शरीराला एवढा हिसका बसतो की त्या दिवशी बनत असलेल्या इनॅमलमध्ये एक बारीक रेघ उमटते. ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. जन्मदाखला हरवेल, ही रेघ दात असेपर्यंत टिकते.

दातांतल्या नोंदी किती टिकतात ते बघा. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे तीनेक हजार वर्षांपूर्वीची वस्ती डेक्कन कॉलेजने खणून काढली. घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडली. त्यांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. इनॅमल बनताना आजारपण आलं किंवा कुपोषण झालं, तर दातावर खाच राहते. त्या पोरांचं नाव-गाव कुणालाच ठाऊक नाही, पण त्यांनी काय सोसलं याची नोंद दातांनी ठेवली.

आता आईच्या दातांकडे. गर्भारपणात हिरड्या सुजतात, घासताना रक्त येतं. ती करामत संप्रेरकांची. बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम ओढतं हे खरं नाही. कमी पडलं तर ते हाडांतून जातं. सकाळच्या ओकाऱ्यांनंतर लगेच ब्रश मात्र घेऊ नका. आम्लाने मऊ पडलेलं कवच घासलं तर झिजतं. आधी साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ द्या.

आणखी एक. म्युटन्स जंतू बाळ सोबत घेऊन जन्मत नाही, घरच्यांकडून घेतं. आजी चमचा आधी स्वतःच्या तोंडात घालून खीर गार आहे का बघते ना, तिथूनच. आजीला हे सांगायचं धाडस ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर करावं. तेवढंच महत्त्वाचं म्हणजे झोपताना तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली नको. झोपेत लाळ आटते आणि गोड दूध रात्रभर पुढच्या दातांवर साचून राहतं.

उंदीरमामांचं आंतरराष्ट्रीय खातं

पडलेला दुधाचा दात कौलावर फेकायचा नाहीतर उंदराला द्यायचा, म्हणजे त्याच्यासारखा पक्का दात येतो, असं घरोघरी सांगतात. गंमत अशी की स्पेनमध्ये आणि फ्रान्समध्येही पोरांचा दात न्यायला उंदीरच येतो. निवड अडाणीपणाची नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात तर १९५८ पासून दुधाच्या दातांची मोहीमच निघाली. सुमारे ३ लाख २० हजार दात गोळा झाले. अणुचाचण्यांतून हवेत गेलेलं स्ट्रॉन्शियम-९० गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून पोरांच्या दातांत उतरलं होतं. १९६३ मध्ये अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला, त्याच्यामागे या चिमुकल्या पुराव्याचाही हात होता.

सहाव्या वर्षी घरोघरी होणारा घोटाळा लक्षात ठेवा. दुधाच्या दातांच्या मागे, कुठलाही दात न पडता, एक दाढ गुपचूप येते. ती कायमची असते. ‘पडेल आपोआप’ म्हणून ती किडू दिली, तर तिच्या जागी दुसरी येणार नाही.

मैदानात दात पडला? दूध आणा!

हा भाग कोल्हापूरकरांनी पाठच करावा. बाकी महाराष्ट्र क्रिकेटवर जगतो, इथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे फुटबॉल संघ भिडतात आणि पेठाच्या पेठा गॅलरीत बसतात. हेडरला उडी मारली, समोरच्याचं कोपर लागलं आणि पुढचा दात मुळासकट गवतात! अशा वेळी बहुतेक जण दात रुमालात गुंडाळून खिशात टाकतात. तिथेच तो मरतो.

कायमचा दात पुन्हा रुजू शकतो. त्याच्या मुळावर पेशींचा नाजूक पापुद्रा असतो. तो जिवंत राहिला तर दात हाडाला परत धरतो. म्हणून दात उचलायचा तो पांढऱ्या भागाला धरून, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर क्षणभर धार सोडायची, घासायचं नाही. जमलं तर तिथल्या तिथे खोबणीत बसवून स्वच्छ कापड चावून धरायचं. नाही जमलं तर दात थेट दुधात टाकायचा.

पाण्यात का नाही? साध्या पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. दुधातलं क्षारांचं प्रमाण त्यांना मानवतं, त्यामुळे डॉक्टरांकडे पोचेपर्यंत त्या तग धरतात. कोल्हापुरात दूध सापडणार नाही अशी जागा दाखवा! १९६३ मध्ये स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाची पिशवी कोपऱ्यावरच्या दुकानात असते. दूध थंड आणि बिनसाखरेचं हवं, एवढंच. पहिला अर्धा तास सोन्याचा. तासाभरानंतर आशा झपाट्याने कमी होते.

छोट्याचा दुधाचा दात पडला असेल तर मात्र तो परत बसवत नाहीत. खाली वाढत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते. आणि खेळायला उतरण्याआधी दातांच्या मापाचा माउथगार्ड करून घेतला, तर हा सगळा भाग विसरलात तरी चालेल.

गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभ्या-उभ्या म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्यांचंही बरंच चाललंय. म्हशीच्या दुधात कॅल्शियम गाईच्या दुधापेक्षा जास्त असतं आणि दुधातलं केसीन हे प्रथिन इनॅमलला आधार देतं. तालमीतल्या थंडाईत मात्र साखर असते, तेव्हा ती दिवसभर घोट-घोट नको.

रस्सा निर्दोष, नळी संशयित

तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर दातांच्या बाजूने आरोप नाही. साखर नाही, तिखटाने लाळ सुटते, जेवणही एका बैठकीत उरकतं. धोका मटणाच्या नळीचा. मगज काढायला ती दाढेखाली फोडणारे बहाद्दर असतात. दाढेला गेलेली बारीक चीर एक्स-रेतही पुष्कळदा दिसत नाही, पण थंड पाणी लागलं की बोंब ठोकायला लावते. नळी ताटावर आपटा, आवाज झाला तरी चालेल.

तव्यावरची मिसरी

इथे थट्टा थांबवतो. पूर्वी शेणीच्या राखेची राखुंडी होती, बाभळीची काडी होती, मीठ-कोळसा होता. १९५२ मध्ये केशव पेंढरकरांनी विको सुरू केली आणि वज्रदंतीची पूड घरोघरी गेली. राखेने आणि कोळशाने दात झिजतात, पण व्यसन लागत नाही. मिसरीचं तसं नाही. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. निपाणीचा तंबाखूचा पट्टा इथून हाकेच्या अंतरावर आहे. दाढ ठणकते म्हणून बाई चिमूटभर लावते, निकोटिनने बरं वाटतं, आणि मग ती दिवसातून चारदा लागते. सासूकडून सुनेकडे जाणारं हे व्यसन दंतमंजनाच्या नावाखाली चालत असल्याने कुणी हटकतही नाही.

पोरांचा मावा त्याच वाटेवरचा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारीने गालाची आतली त्वचा आखडत जाते. घरच्या घरी तपासा : स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत. दोनच जात असतील तर उद्यावर न ढकलता दंतवैद्य गाठा.

कवळीपुराण

वॉटर्लूच्या लढाईत, १८१५ मध्ये, मेलेल्या सैनिकांचे दात उपटून नेले गेले आणि श्रीमंतांच्या कवळ्यांत बसले. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडी होती ही लोणकढी थाप. तिच्यात हस्तिदंत होतं, माणसांचे दातही होते.

आपल्या आजोबांची कवळी सुदैवाने अॅक्रिलिकची असते. ती टूथपेस्टने घासू नका, ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू बसतात. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. रात्री ती काढून पाण्यात ठेवायची, म्हणजे हिरड्यांना विसावा मिळतो. ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांना वेगळी अडचण. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांनी लाळ कमी होते आणि उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते. मधुमेह असेल तर हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही.

आणि कवळी सैल झाली म्हणून ती करणाऱ्या डॉक्टरांना शिव्या देऊ नका. दात गेले की जबड्याचं हाड वर्षानुवर्षं आटत जातं, कवळी मात्र होती तेवढीच राहते. तिला आतून नवा थर देऊन घेता येतो. फक्त ते काम दवाखान्यातच करा. घरात चप्पल चिकटवायला आणलेला गोंद त्यासाठी नाही.