कॉफीवरची तर्री

"अरे, कॉफीवर ही तर्री कसली आली?"

आईने उंच काचेचा पेला खिडकीच्या उजेडाकडे धरला होता. मीही वाकून पाहिले. मिसळीच्या वाटीत दिसतो तसा सोनेरी तवंग कॉफीवर तरंगत होता. एवढ्यावर भागले असते तर निदान ढवळून वेळ मारून नेता आली असती. पण बर्फाच्या खड्यांना पांढुरके, मेणचट कणही चिकटले होते. आईने एक घोट घेतला, ओठांवरून बोट फिरवले, बोटाला लागलेला ओशटपणा पाहिला आणि पेला माझ्या हातात परत दिला.

"मोहरी, हिंग घालायचं राहिलं वाटतं," ती म्हणाली.

त्या पेल्यात ऑलिव्हचे तेल होते. शुद्धीवर असलेला माणूस थंड कॉफीत तेल का ओततो, हे सांगायला जरा मागे जायला हवे.

आईचे आणि थंड कॉफीचे नाते फार जुने आहे. 1962 सालचा मे महिना, म्हणजे पानशेतच्या पुरानंतरचा पहिला उन्हाळा. नुकतेच लग्न झालेले. वडिलांनी तिला डेक्कनवरच्या एका हॉटेलात नेले आणि रुबाबात दोन 'कोल्ड कॉफी' मागवल्या. घरी बारा माणसांचा चहा एका पातेल्यात उकळायचा. त्यात दूध नावापुरते. त्या मानाने हा दाट, गारेगार, गोड-कडू पदार्थ म्हणजे चैनच. तेव्हापासून उन्हाळ्यात एकदा तरी थंड कॉफी व्हायचीच. पुढे घरात मिक्सर आला तेव्हा ती आटवलेल्या दुधाची कॉफी स्वतःच करू लागली. वडील गेल्यानंतरही तो नेम चुकला नाही. पेला मात्र एकच भरला जाऊ लागला.

तीन वर्षांपूर्वी तिच्या पोटाची तक्रार सुरू झाली. दूध घेतले की पोट फुगायचे, कळा यायच्या. डॉक्टरांनी सांगितले की दुधात लॅक्टोज नावाची साखर असते आणि ती पचवणारे लॅक्टेज हे पाचकद्रव्य पुष्कळांच्या शरीरात वयाबरोबर कमी होत जाते. दह्यात ही साखर काही अंशी आंबून गेलेली असते, म्हणून दही-ताक चालले. चहा बिनदुधाचा झाला. थंड कॉफी मात्र बंद झाली. आईने त्याबद्दल एका शब्दाने कुरकुर केली नाही, आणि तेच मला खटकत राहिले.

लॅक्टोजविरहित दूध बाजारात मिळते, आम्ही आणलेही. पण त्यात लॅक्टोज आधीच फोडून त्याचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेले असते. या दोन्ही साखरा मूळ साखरेपेक्षा गोड. आईच्या तिखट जिभेने पहिल्याच घोटात निकाल दिला, "यात कुणीतरी आधीच साखर घातलीय." मग ओट्सचे दूध आणले. ते पोटाला सोसले, पण कॉफीत घातल्यावर पेज प्यायल्यासारखे लागले. चव होती, घशातून उतरताना जो मऊपणा हवा, तो नव्हता.

तो मऊपणा म्हणजे स्निग्धांश. म्हशीच्या दुधात तो शेकडा सहा-सात असतो. घरी ओट्स वाटून गाळलेल्या पाण्यात जवळजवळ नसतोच. मग तो बाहेरून का घालू नये, असा विचार माझ्या डोक्यात आला. खरे तर माझ्या लेकीच्या डोक्यात आला. मी तो नंतर माझा म्हणून खपवला. तिने मला मिलानची गोष्ट सांगितली.

स्टारबक्स या अमेरिकन कॉफीवाल्यांचे हॉवर्ड शुल्ट्झ सिसिलीला गेले होते. तिथे लोक रोज चमचाभर ऑलिव्ह तेल पितात हे पाहून तेही पिऊ लागले, आणि एके दिवशी तेल व कॉफी एकत्र करण्याची कल्पना त्यांना सुचली. 2023च्या फेब्रुवारीत मिलानमध्ये 'ओलेआटो' या नावाने ही पेये विक्रीला आली. त्यांतल्या काहींत ओट्सचेच दूध होते. 2024च्या जानेवारीत ती अमेरिकाभर पोहोचली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिका व कॅनडाच्या यादीतून काढूनही टाकली गेली. मधल्या काळात, हे पेय पिऊन पोटात गडबड झाल्याच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत बऱ्याच गाजल्या. पेल्यामागे मोठा चमचाभर तेल, म्हणजे सुमारे 120 कॅलरी, आणि वर कॉफी. कॉफी मुळातच आतड्यांना जागे करते. रिकाम्या पोटी तिच्या जोडीला एवढे तेल गेले तर बोभाटा व्हायचाच.

पण पेयात स्निग्ध पदार्थ घालणे हा काही मिलानचा शोध नव्हे. लडाखमध्ये लोणी आणि मीठ घातलेला चहा लाकडी नळकांड्यात घुसळतात. घुसळताना होणाऱ्या आवाजावरून त्याला 'गुरगुर चहा' म्हणतात. कॉफीच्या मायदेशी, इथिओपियात, ओरोमो लोक कॉफीची फळे लोण्यात परतून खातात. आणि दुकानात मिळणाऱ्या ओट्सच्या दुधाचे खोके उलटे करून बारीक अक्षरे वाचलीत तर त्यात बहुतेक वेळा तेल सापडेल. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात 1990च्या सुमारास रिकार्ड ओस्टे यांनी ओट्सचे दूध तयार केले. त्या दुधाचा कॉफीसाठीचा जो प्रकार निघाला, त्यात मोहरीच्या जातीच्या रेपसीडचे तेल असते. म्हणजे जगभर लोक कॉफीतून तेल पीतच होते. फक्त कुणी मोठ्याने सांगत नव्हते.

मग आमच्या पेल्यावर तर्री का आली? कारण मी तयार, बर्फाळ कॉफीत वरून तेल ओतले होते. तेल आणि पाणी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण दूध तरी दुसरे काय आहे? तेही पाण्यात विखुरलेल्या तुपाच्या थेंबांचेच बनलेले. फरक एवढाच की ते थेंब अतिशय बारीक असतात आणि प्रत्येकाभोवती प्रथिनांचे पातळ आवरण असते, त्यामुळे ते एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. दुधाचा पांढरा रंगसुद्धा या बारीक थेंबांवरून आणि प्रथिनांच्या कणांवरून प्रकाश विखुरल्यामुळे दिसतो. तेलाचे असे दूध करायचे तर दोन गोष्टी हव्यात: थेंब बारीक करणारा जोर आणि थेंबांना वेगळे ठेवणारा मध्यस्थ. जोर मिक्सर देतो. मध्यस्थाचे काम आमच्या घरी काजूने केले.

मेणचट कणांचे कारण वेगळे होते. ऑलिव्हचे तेल फ्रिजमध्ये ठेवले की गढूळ होऊन गोठू लागते. माझे तेल सुटे होते, थेट बर्फावर पडले आणि तिथेच थिजले. यावरून एक नियम हाती लागला. तेल आधी कोमट कॉफीत एकजीव करायचे, बर्फ शेवटी.

इथे कोकणातले वाचक विचारतील, की एवढा खटाटोप कशाला, घरात नारळ आहे ना? तोही प्रयोग झाला. नारळाचे दूध पोटाला चालले, दाटपणाही उत्तम. पण कॉफी राहिली बाजूला आणि सोलकढीची आठवण होऊ लागली. शिवाय नारळाचे तेल चोवीस अंशांच्या आसपासच गोठते. पुण्याच्या थंडीत न्हाणीघरातली बाटली आठवा. बर्फाच्या पेल्यात त्याचा थर ओठांना लागतो. तुपाचेही तेच. घाण्यावरच्या शेंगदाणा तेलाचा वास कॉफीला पुरून उरला. ऑलिव्हचे तेल खूपच खालच्या तापमानापर्यंत पातळ राहते, आणि त्याची कडसर, हिरवट चव कॉफीशी भांडत नाही. म्हणून ते निवडले. परदेशी आहे म्हणून नव्हे.

आईचा आक्षेप मात्र निराळाच होता. बाटली पाहताच ती म्हणाली, "हे तेल तर बाळाच्या मालिशचं. तुझ्या अंगाला चोळलंय मी. ते आता मला पाजतोस?" तिचे चूक नव्हते. आमच्या लहानपणी ऑलिव्ह तेलाचा छोटा डबा वाण्याकडे नव्हे, औषधाच्या दुकानात मिळायचा.

आता दुकानात गेलात तर बाटल्या पाहून गोंधळ उडतो. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणजे फळे वाटून, रसायने न वापरता काढलेले तेल. त्यातली सुटी आम्लता शेकडा 0.8पेक्षा जास्त चालत नाही. 'एक्स्ट्रा लाइट' म्हणजे शुद्धीकरण करून वास-रंग हलका केलेले, कॅलरी तेवढ्याच. 'पोमेस' म्हणजे चोथ्यातून द्रावक वापरून काढलेले. ते भजी तळायला घ्या, कॉफीसाठी नको. कॉफीला एक्स्ट्रा व्हर्जिनच हवे, पण सौम्य चवीचे. काही तेले घशाला चांगलीच खवखवतात. या खवखवीचीही एक कथा आहे. गॅरी बोशां नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ सिसिलीतल्या एका परिषदेत ताजे तेल चाखत होते. घशाची ती चुरचुर त्यांना ओळखीची वाटली, कारण आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध पातळ रूपात चाखताना त्यांनी ती अनुभवली होती. 2005 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये त्यामागचे द्रव्य, ओलिओकॅन्थाल, जाहीर केले. पण म्हणून कॉफीत तेल घालून गुडघे बरे होतील असा ढोल मी वाजवणार नाही. आमच्या घरी ही कॉफी औषध म्हणून केली जात नाही.

आता कृती. हे प्रमाण दोन पेल्यांचे आहे आणि चार-पाच फसलेल्या संध्याकाळींनंतर ठरले आहे.

आठ-दहा काजू तासभर पाण्यात भिजत घाला. अर्धी वाटी ओट्स दोन वाट्या अगदी गार पाण्यात घालून मिक्सरमधून जेमतेम अर्धे मिनिट फिरवा आणि न पिळता पातळ फडक्यातून गाळा. इथे हात आवरा. जास्त फिरवले किंवा फडके पिळले की पिठूळपणा उतरतो आणि दूध बुळबुळीत होते. मी पहिल्यांदा नेहमीच्या सवयीने, नारळाचा चव पिळावा तसे पिळले होते. जे झाले ते खळ म्हणून साड्यांना चालले असते. गाळलेले दूध फ्रिजमध्ये ठेवा.

मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात भिजलेले काजू, दोन चमचे झटपट कॉफी, तीन चमचे साखर आणि पाव वाटी गरम पाणी घालून गंधासारखे बारीक वाटा. कण राहिला तर जिभेला कळतो. मिश्रण कोमट झाले की त्यात दोन लहान चमचे तेल घालायचे. एकदम नव्हे, चार वेळा थोडे थोडे, आणि प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद फिरवून. तिसऱ्या वेळेला रंग पालटतो. काळपट कॉफी बदामी होते, भांड्याच्या कडेला साय धरल्यासारखी दिसते. हा क्षण पाहण्यासारखा असतो. मी आमच्या सौभाग्यवतींना हाक मारून दाखवला. "फेटलेली कॉफी आम्ही कॉलेजात असताना वाटीत चमच्याने करायचो," एवढेच बोलून ती गेली.

शेवटी गार ओट्सचे दूध आणि चिमटीभर मीठ घालून एकदाच फिरवा. मिठाने कॉफीचा कडूपणा दबतो. बर्फ पेल्यात घाला, मिक्सरमध्ये नव्हे. वर फेस येईल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण तेल हे फेसाचे वैरी आहे. इथे दाटपणा मिळतो, फेस नाही. मिक्सर नसेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत, काजूऐवजी दुकानातले सोयाबीनचे दूध घेऊन दोन मिनिटे जोरात हलवले तरी बऱ्यापैकी जमते. मात्र लगेच प्यावे लागते.

पेल्यामागे एकच लहान चमचा तेल, म्हणजे सुमारे चाळीस कॅलरी, हे प्रमाण मी वाढवत नाही. आईला ही कॉफी जेवणानंतर दोन तासांनी मिळते, रिकाम्या पोटी नाही. तिच्या डॉक्टरांना विचारूनच हे सुरू केले. ज्यांना पित्ताशयाचा त्रास आहे त्यांनीही आधी विचारावे.

पहिला जमलेला पेला मी काही न बोलता आईपुढे ठेवला. तिने तो परत उजेडाकडे धरला. तर्री नव्हती. एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला. पेला अर्धा झाल्यावर म्हणाली, "ह्यांना नसती आवडली. ह्यांना वर आइस्क्रीमचा गोळा लागायचा."

"आणि तुला?"

"मला तेव्हाही तो गोळा नको असायचा. पण सांगणार कुणाला?"

त्रेसष्ट वर्षांनी ही माहिती मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले तर ओट्याजवळच्या तिच्या जुन्या वहीत, लोणच्याच्या प्रमाणाखाली, थरथरत्या अक्षरांत नवी ओळ होती: थंड कॉफी, मालिशचे तेल चमचे दोन. साखरेच्या तीन चमच्यांवर काट मारून तिने अडीच केले होते.