राक्षसी मुशीचा वेग

पुणे ज्या काळ्या पाषाणावर वसले आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्यात समुद्री माशांचे दात मिळायचे नाहीत. तरीही मेगॅलोडॉन नावाच्या प्रागैतिहासिक मुशीचा, म्हणजे शार्कचा, वेग समजून घ्यायला मला मार्केट यार्ड सोयीचे वाटते. वजन आणि चाल या दोहोंचा हिशेब तेथे रोजच होतो.

ही मुशी सुमारे २.३ कोटी ते ३६ लाख वर्षांपूर्वीच्या काळात समुद्रांत वावरत होती. मुशीचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. तो कुजतो; उरतात ते दात आणि क्वचित मणके. बेल्जियममधील अशाच मणक्यांच्या माळेवरून २०२२ साली शास्त्रज्ञांनी १६ मीटर लांब, ६१.६ टन वजनाचे शरीर संगणकावर उभे केले. दहा-दहा टनांचे सहा ट्रक भरूनही पन्नास किलोची बत्तीस पोती गाळ्यात उरतील, एवढे हे वजन! आजच्या मुशींवरून बांधलेल्या गणिताने तिचा नेहमीचा वेग ताशी सुमारे ५ किलोमीटर निघाला. मोकळ्या हाताने चालणाऱ्या माणसाची हीच चाल.

पुढे २०२३ साली जपानमध्ये मिळालेले तिचे सूक्ष्म खवले तपासले गेले. वेगवान मुशींच्या खवल्यांवर पाण्याचा विरोध कमी करणारे दाट कंगोरे असतात. येथे ते दाट नव्हते. म्हणून अंदाज ताशी २ किलोमीटरवर आला. म्हणजे पाठीवर पोते घेतलेला हमालसुद्धा तिच्या पुढे जाईल! २०२५ च्या अभ्यासाने ही मुशी सडपातळ, कदाचित २४ मीटर लांब मानली आणि वेग ताशी २.१ ते ३.५ किलोमीटर सांगितला.

अर्थात ही रोजची संथ चाल होय. भक्ष्यावरची झेप निराळी. दातांच्या रासायनिक परीक्षणावरून तिचे शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे ७ अंश उष्ण होते. ही उष्णता वेगापेक्षा अजस्र घास पचवण्यासाठी असावी, असे एक मत आहे.

आकडे बदलले म्हणून शास्त्र डळमळीत ठरत नाही. इतिहासाचा विद्यार्थी नवा कागद हाती येताच जुना निष्कर्ष तपासतो, तसेच येथे एका खवल्याने झाले. मला या मुशीच्या वेगाइतकाच हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो.