खडाखडी चालू असताना

वैशाखातली जत्रा, करवीर तालुक्यातलं एक गाव, दुपारचे साडेतीन. हौद्यातल्या तांबड्या मातीत दहा-बारा वर्षांची दोन पोरं भिडली होती. त्यातलं गावातलं पोरगं चितपट झालं, उठलं आणि मातीनं माखलेल्या मनगटानं डोळे पुसायला लागलं. डोळ्यांत माती गेली आणि हुंदके वाढले. माइकवरच्या निवेदकांनी हातातली यादी बाजूला ठेवली.

"आरं बाळा, रडतोस कशाला? पाडलं तुला परगावच्या पोरानं, पण झेललं तुझ्याच गावच्या मातीनं. तिनं सोडलं का तुला?"

मैदान हसलं. पोरगंही हसलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं त्याला जवळ बोलावून हातात पन्नासची नोट ठेवली, आणि जिंकलेल्याला पन्नास तर हरलेल्यालाही पन्नास, असं निवेदकांनी लगेच पुकारलं. मी वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. त्या दिवशी माझं लक्ष कुस्तीपेक्षा माइककडंच जास्त होतं.

माझं काम दूध उत्पादकांच्या सभा घेण्याचं. गावातल्या दूध संस्थेत सकाळचं संकलन उरकलं, की कधी पंधरा तर कधी शंभर माणसांपुढं उभं राहायचं आणि स्वच्छ दूध, जनावरांचे आजार, फॅट, एसएनएफ यांवर बोलायचं. समोरची माणसं पहाटे चारला उठलेली असतात. वैरण आणायची राहिलेली असते, भांगलण खोळंबलेली असते. त्यांच्या अर्ध्या तासाला किंमत असते आणि मी नेमका तोच मागायला गेलेला असतो.

सुरुवातीच्या वर्षांत मी पडद्यावर चित्रं दाखवायचो. माणसं पडद्याकडं बघायची आणि कान मात्र बाहेर उभ्या गाडीकडं असायचे. मग कुणीतरी सांगितलं, जरा हसवत जा. मी मोबाइलवर आलेला एक बायकोवरचा विनोद पाठ केला आणि राधानगरीकडच्या एका गावात सभेच्या सुरुवातीलाच सांगितला. मागच्या बाकावरचे चार-पाच पुरुष हसले. पुढं सतरंजीवर बायका बसल्या होत्या, त्यांच्यातलं कुणी हसलं नाही. एक आजी शांतपणे म्हणाल्या, "दादा, धार मी काढतो. शेण मी काढतो. काय सांगायचं ते मला सांगा." आमच्या भागात बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी जातो, मी करतो. पण त्या दिवशी त्या 'मी काढतो'मध्ये गोठ्यातलं सगळं काम मला ऐकू आलं. ज्या माणसांसाठी मी गेलो होतो, त्यांनाच मी हसण्याचा विषय केला होता. त्या सभेत पुढं काय बोललो ते आठवत नाही; सतरंजीवरचे ते चेहरे आठवतात.

त्यानंतर मी मैदानं ऐकायला लागलो. कोल्हापुरात माइकवर बोलायला शिकायचं तर आखाड्याइतकी चांगली जागा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, तेव्हा मधला हौदा आणि भोवतीची चढती बैठक अशी राखली की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दोन्ही पैलवान नीट दिसावेत. दिसण्याची सोय तिथं दगडमातीत झालेली आहे. दिसतंय त्याचा अर्थ लावून द्यायचं काम निवेदकाचं. पट कधी काढला, ढाक का फसली, खालचा पैलवान निपचित पडलाय की दम धरून बसलाय, हे हजारो माणसांना एकाच वेळी सांगायचं असतं. कोथळीच्या शंकर पुजारींसारख्यांनी हे काम इतकं मोठं केलं, की जत्रेच्या पत्रकावर पैलवानांच्या जोड्यांबरोबर निवेदकाचंही नाव छापलं जातं.

निवेदकाची खरी कसोटी खडाखडीत लागते. मोठी कुस्ती लागली की पहिली काही मिनिटं हाताला हात, मानेला मान, नुसती ताकद चाचपणं चालतं. प्रेक्षक चुळबुळतात, पाठीमागून "कुस्ती करा" अशा आरोळ्या येतात, कुणी शेंगा घ्यायला उठतो. हलगी वाजत असते, पण हलगीनं माणूस किती वेळ बसणार? अशाच एका वेळी ऐकलेलं सांगतो. निवेदक एका पैलवानाची ओळख करून देत होते.

"ह्येचं वडील गवंडी. आईनं दोन म्हशी पाळल्या. एकीचं दूध डेअरीला, दुसरीचं ह्येच्या पोटात. घरात पाहुणा आला की कोरा चहा! शेवटी पाहुण्यांनी यायचंच बंद केलं. आणि आज बघा मंडळी, त्येच पाहुणे पुढच्या रांगेत बसल्यात!"

हशा उसळला, पुढच्या रांगेतून दोन हात वर झाले, आणि उठलेली माणसं पुन्हा बसली. हशा ओसरल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्या चार वाक्यांत त्या घराची गरिबी, आईचा हिशोब आणि पोराच्या अंगातल्या ताकदीची किंमत, सगळं आलं होतं. हेच कुणी गंभीर आवाजात सांगितलं असतं तर लोकांनी हळहळून शेंगा सोलल्या असत्या. हसल्यामुळं ती आई प्रत्येकाच्या घरातली झाली. त्या पैलवानाकडं बघायची मैदानाची नजरच बदलली.

पुढचं मला त्याहून मोलाचं वाटतं. एकानं पट काढला, दुसरा खाली आला, आणि निवेदकांचा आवाज पार उतरला. "कब्जा घेतलाय… घिस्सा धरतोय… मानेवर दाब… खालचा सोडवतोय…" एवढंच. निकाल लागेपर्यंत एकही विनोद नाही, एकही विशेषण नाही. मी नंतर बऱ्याच मैदानांत हे बारकाईनं ऐकलं. चांगला निवेदक खडाखडीत हसवतो; डाव लागला की बाजूला होतो. ज्याला हे उमगत नाही, तो ऐन घिश्शात कोटी करतो आणि मैदान त्याच्यावर चिडतं. गर्दी आवरायलाही त्यांना हसूच उपयोगी पडतं. "पांढऱ्या फेट्याचं पाहुणं, तुमचा फेटा लई झ्याक हाय, समद्यांनी बघितला. आता मागच्यांना कुस्ती बघू द्या." पाहुणे हसत खाली बसतात आणि फेट्याचा मानही राहतो.

मग मी माझ्या सभेचा डाव कुठला, हे आधी ठरवायला लागलो. कासदाहाचं उदाहरण घ्या, ज्याला आमच्याकडं दगडी म्हणतात. त्यात अगदी नेमकी सांगायची गोष्ट एकच. धार काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं राहतं. तेवढ्यात जनावर शेणामुतात बसलं तर जंतू आत शिरतात. म्हणून सड औषधात बुडवायचे आणि लगेच पुढ्यात वैरण टाकायची, म्हणजे ते उभं राहतं. हा डाव. त्याआधीचं सगळं खडाखडीत धरायचं.

एका सभेत मी दिवाळीच्या पाडव्यावरून सुरू केलं. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात, मालक मोटरसायकल पळवतो आणि म्हैस त्याच्या मागं धावते. मी विचारलं, "तुमची म्हैस गाडीमागं पळते, मग धार काढून झाल्यावर तुमचं ऐकून अर्धा तास उभी राहते का?" एक मामा म्हणाले, "घरात आमचंच कोण ऐकत न्हाई, म्हशीचं काय!" हसू झालं, ते त्यांच्यातून आलेलं होतं म्हणून मोकळं होतं. मग मी लग्नाचा मांडव काढला. "दारात माणूस नसला तर काय होतं?" बायकांतून उत्तर आलं, "बिनबोलवलेलं जेवून जात्यात." "आणि जाताना?" दुसरी म्हणाली, "भांडी पण नेत्यात!" मी सडाचं चित्र वर धरलं, त्या छिद्रावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे दार. अर्धा तास उघडं. दारात माणूस बसवायचा म्हणजे वैरण टाकायची." नंतरची दहा मिनिटं मी सरळ बोललो. औषध किती, पाणी किती, पहिल्या दोन-चार पिळा काळ्या भांड्यात काढून गुठळ्या कशा बघायच्या. कुणी हललं नाही.

दोन महिन्यांनी त्याच गावात गेलो, तर एका गोठ्यातून हाक आली, "दादा, दारात माणूस बसवलाय बरं का!" आत म्हैस उभी राहून कडबा खात होती.

लोकांचं बोलणं लोकांनाच परत करायचं, ही रीत या मातीत जुनी आहे. पट्टणकोडोलीत जन्मलेले शंकर पाटील, आणि त्यांच्याबरोबर व्यंकटेश माडगूळकर व द. मा. मिरासदार, यांनी साठच्या दशकापासून कथाकथनं करत महाराष्ट्र पिंजून काढला. पाटलांची माणसं मला जवळची वाटतात, कारण ती आपापल्या जागी शहाणी असतात. त्यांचा हेका त्यांच्या दृष्टीनं बरोबरच असतो आणि ऐकणाऱ्याला हसता हसता तो पटायला लागतो. शेतकऱ्यांपुढं बोलणाऱ्या प्रत्येकानं ते ऐकावं, असं मी नव्या पोरांना आग्रहानं सांगतो.

काही जागा मात्र मी सोडून देतो. दराचा विषय निघाला की विनोद नाही. फॅट कमी लागली म्हणून एखादा माणूस चिडून उभा असतो, तेव्हाही नाही. त्याच्या मनात मापाविषयी शंका असते आणि इतरांच्या मनात त्याच्याविषयी; तिथं केलेली कोटी त्याला पाण्याच्या आरोपासारखी लागते. तिथं सगळ्यांसमोर नमुना पुन्हा लावायचा आणि आकडा त्यालाच वाचायला सांगायचा.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर मी पंचगंगेकाठच्या एका गावात गेलो. भिंतींवर पाण्याची रेघ होती, वैरण कुजल्याचा वास होता, काहींच्या दावणी रिकाम्या झाल्या होत्या. मी मनाशी ठरवूनच गेलो होतो, आज फक्त कामाचं बोलायचं. बोलताना माझा आवाज जड झाला होता. तेवढ्यात मागून एक वहिनी म्हणाल्या, "आमची म्हैस पुरात वरच्या मजल्यावर चढवली. चार माणसं लागली. आता खाली उतरंना! सासूबाई म्हणत्यात, ऱ्हाऊ दे, तिला खोली आवडली."

क्षणभर कुणालाच कळेना, हसावं की नाही. मग त्यांच्या सासूबाईच पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि अख्खी चावडी हसली. ज्यांची दावण रिकामी झाली होती, तेही हसले. मी बोलायचा थांबलो आणि त्यांच्याबरोबर हसलो. ते हसू त्यांचं होतं, त्यांनी ठरवलेल्या वेळी आलेलं होतं.

शांत झाल्यावर मी घटसर्पाच्या लसीकरणाची यादी उघडली. पहिलं नाव त्याच वहिनींनी दिलं. "लिहा. म्हैस एक. पत्ता, वरचा मजला."