नावाला नाव जुळवणारा लिंकर

मुक्ताईनगर म्हणजेच पूर्वीचं एदलाबाद, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण जुन्या दस्तात एक नाव, नव्या अर्जात दुसरं असलं, तर अक्षरं जुळवणाऱ्याला ती दोन गावंच वाटतात. प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरचंही तसंच.

"सर, फंक्शन लायब्ररीत आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी सापडत नाही म्हणतो!" इथल्याच एका विद्यार्थ्याने लॅपटॉप पुढे सरकवला. पडद्यावर ओळ होती: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू सरासरी (डबल, डबल)’.

अशा लायब्ररीची कल्पना जुनीच. 1949 साली केंब्रिजमध्ये सुरू झालेल्या एडसॅक संगणकासाठी नेहमी लागणाऱ्या गणितांचे तुकडे भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर जपून ठेवत. हवा तो तुकडा आपल्या पट्टीवर उतरवून घ्यायचा. 1952 मध्ये ग्रेस हॉपर यांनी अशी जुळवाजुळव यंत्राकडूनच करून घेतली आणि त्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हटलं. आपला ‘संकलक’ हा शब्द त्या मूळ कामाला चपखल बसतो. आज कंपायलर आपल्या कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करतो. संकलन करतो तो लिंकर.

म्हणून आधी तक्रार कोणाची, ते पाहावं. हेडर फाईल सापडली नाही, तर ओरडतो कंपायलर. प्रोग्रॅम तयार झाला, पण चालवताना सामायिक लायब्ररी मिळाली नाही, तर ती तक्रार लोडरची. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणतो तो लिंकर. हेडरमध्ये फंक्शनची फक्त ओळख असते. प्रत्यक्ष कोड लायब्ररीत असतो.

स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाईलींचं गाठोडं. ग्नूचा लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्या क्षणी ज्या नावांची गरज असेल, तेवढ्याच फाईली गाठोड्यातून काढतो. पोराने लायब्ररी आधी आणि स्वतःची फाईल नंतर लिहिली होती. लिंकर गाठोड्यापाशी आला, तेव्हा कुणी काही मागितलंच नव्हतं. क्रम बदलला. तीच ओळ पुन्हा आली.

आता नाव नीट वाचलं. कंसातले ‘डबल, डबल’ हीच खूण. प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये होता, लायब्ररी सीमध्ये. सी प्लस प्लसचा कंपायलर फंक्शनच्या नावात त्याच्या पॅरामीटरांचे प्रकारही गुंफतो; ‘डबल’ हा तसाच एक प्रकार. फाईलीतली नावं दाखवणारी ‘एनएम’ ही कमांड दोन्हीकडे चालवली. लायब्ररीत ‘टी’ अक्षरापुढे साधं ‘सरासरी’: म्हणजे कोड इथे आहे. प्रोग्रॅममध्ये ‘यू’पुढे ‘_झेड8सरासरीडीडी’: म्हणजे हे बाहेरून हवंय. 8 हा रोमन लिपीतल्या नावाच्या अक्षरांचा आकडा, दोन ‘डी’ म्हणजे दोन डबल.

हेडरमध्ये घोषणेआधी ‘एक्स्टर्न सी’ लिहिलं, म्हणजे नाव सीसारखं साधंच राहील. अर्जावर ‘पूर्वीचे एदलाबाद’ लिहावं, तसं. लिंकर मुकाट्याने काम करून गेला.

इंग्रजीतली लाल ओळ दिसली की आपली पोरं आपलं डोकंच कमी पडलं असं समजतात. त्या ओळीत लिंकर काय मागतोय तेवढं नाव शांतपणे वाचायला शिकवलं, की भीती निम्मी होते. त्या पोराने दोन्ही नावं वहीत एकाखाली एक उतरवून घेतली.