मध्यप्रांतांतील पुरवठा-नकार व स्वराज्यपक्षांतील फूट

इ. स. १९२४ च्या मार्च महिन्यांत मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलानें अंदाजपत्रकांतील मागण्या फेटाळल्या व मंत्र्यांचें वेतन तेवढें वर्षास २ रुपये मंजूर केलें. हा प्रसंग बहुधा विनोद म्हणून सांगण्यांत येतो. परंतु पुरवठा नाकारूनही सरकार कां थांबलें नाहीं, आणि नाकारणारा पक्षच पुढें कां दुभंगला, हे दोन प्रश्न त्यांत आहेत. त्यांचा उलगडा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांनीं १९२३ च्या आरंभीं स्वराज्यपक्ष स्थापिला. कौन्सिलांत शिरून आंतून अडवणूक करावयाची, हें त्याचें धोरण. मध्यप्रांतांत त्यास निर्भेळ बहुमत मिळालें. दिल्लीच्या असेंब्लींत मात्र इतरांच्या साहाय्यावांचून गत्यंतर नव्हतें.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर १९१९ च्या कायद्यांत आहे. राखीव खात्यांची मागणी नामंजूर झाली, तरी ती आवश्यक असल्याचा दाखला देऊन गव्हर्नर खर्च चालवूं शके. सोंपीव खात्यांविषयीं त्याचा अधिकार आणीबाणीपुरता होता. म्हणून मंत्री गेले, सोंपीव खातीं गव्हर्नरानें हातीं घेतलीं, आणि खजिना चालूच राहिला. दिल्लीसही असेंब्लीनें नाकारलेलें फडणिशी बिल व्हाइसरॉय रेडिंग यांनीं आपल्या अधिकारांत अमलांत आणिलें. द्विदल राज्यपद्धतीचें पोकळपण सिद्ध झालें. पण सिद्धीनंतर करावयाचें काय, हें ठरलें नव्हतें.

दुसऱ्या प्रश्नाचें बीज येथेंच आहे. जून १९२५ मध्यें दास निवर्तले. ऑक्टोबरांत कौन्सिलचे स्वराज्यपक्षीय अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनीं कार्यकारी मंडळांतील जागा पत्करिली. नेहरूंनीं त्यांचा निषेध केला. उलट पक्षीं नरसिंह चिंतामण केळकर व मुकुंदराव जयकर यांचें म्हणणें असें कीं, विठ्ठलभाई पटेलांनीं असेंब्लीचें अध्यक्षपद व खुद्द नेहरूंनीं स्कीन कमिटींतील जागा घेतली, तर तांब्यांचाच अपराध तो कोणता? टिळकांनीं १९१९ मध्यें अमृतसरास पुरस्कारिलेल्या प्रतियोगी सहकारितेचा आधार घेऊन फेब्रुवारी १९२६ मध्यें अकोल्यास निराळा पक्ष उभा राहिला. एप्रिलांत साबरमतीस तडजोड झाली. परंतु मंत्र्यांस पुरेसा अधिकार म्हणजे किती, या एका पदाच्या अर्थावरून ती पुढच्याच महिन्यांत मोडली. नोव्हेंबरच्या निवडणुकींत मध्यप्रांतांतील बहुमतही गेलें.

तात्पर्य, साधनाविषयीं एकमत असतां साध्याविषयींचा मतभेद झांकला जातो. साधन निष्फळ होतांच तो उघडा पडतो.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. सरकारी कार्यवृत्तांत मतांची मोजदाद सांपडते. मनांतील दुफळी सांपडत नाहीं. ती त्या काळच्या खाजगी पत्रांत, सभांच्या हस्तपत्रकांत व वर्तमानपत्रांच्या कात्रणांत आहे. नागपूर, अमरावती व अकोला येथील जुन्या घरांतून पेशवाईचे रुमाल आपण आदरानें उचलतां. त्यांच्याच शेजारीं पडलेले हे कागद, मोडी नाहींत म्हणून, रद्दींत जाऊं देऊं नयेत.