बीएचसी पावडर गेली, मातीतलं क्लोरीन कुठे गेलं?

मुंग्या झाल्या की टाक पावडर. सातारा-सांगलीतल्या आपल्या कितीतरी घरांत अब्बा-दादांच्या काळी हीच पद्धत होती. बीएचसी म्हणा, गॅमेक्सिन म्हणा, डबा परसात असायचाच. हातमोजे वगैरे कुणाला माहीत! डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ साली बंद झाला, बीएचसी १९९७ मध्ये आणि एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २०११ मध्ये. पण कागदावर बंद झालं म्हणून मातीतून जात नाही.

ही सगळी औषधं एका कुळातली. बीएचसीच्या एका रेणूत सहा कार्बन आणि त्यांना चिकटलेले सहा क्लोरीन असतात. हे क्लोरीनच त्याला टिकाऊ करतं. पाण्यात ते फारसं विरघळत नाही, चरबीत मात्र लगेच. म्हणून ते गुरांच्या दुधात, बोकडाच्या चरबीत आणि तिथून आपल्या अंगात साठत जातं.

हे क्लोरीन तोडायचं कुणी? जिवाणू तर तोडतातच, पण मातीतलं लोहही तोडतं. कृष्णेच्या वाळूत लोहचुंबक फिरवून बघा, काळे कण त्याला चिकटून वर येतात. आपल्या काळ्या पाषाणातून झिजून आलेलं हे मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचंच खनिज. लोहाच्या एका अवस्थेत देण्यासारखा इलेक्ट्रॉन शिल्लक असतो. तो क्लोरीनवाल्या रेणूला मिळाला की क्लोरीन सुटून मिठातल्यासारखं साधं क्लोराइड होतं. दुसरी अवस्था गंजाची. गंजानं आपला इलेक्ट्रॉन आधीच देऊन टाकलेला असतो. म्हणूनच महाबळेश्वर-पाचगणीची लाल माती लोहानं भरलेली असली तरी या कामात ती एकटी फारशी उपयोगाची नाही.

पण माती पाण्याखाली गेली की चित्र बदलतं. हवा संपते, आणि काही जिवाणू ऑक्सिजनच्या जागी गंजावरच श्वास भागवतात. गंजलेलं लोह पुन्हा इलेक्ट्रॉन देणारं होतं, माती निळसर-करडी पडते. फिलिपाइन्समधल्या भातसंशोधन संस्थेत १९६६ मध्येच दिसलं होतं की पाणी साचलेल्या मातीत बीएचसीतला कीटक मारणारा घटक लवकर मोडतो. निचऱ्याच्या द्राक्षबागेत हवा खेळती, तिथे हे काम रेंगाळतं. याचा अर्थ बागेत पाणी तुंबवा असा नाही हं! क्षारपड जमिनीचं दुखणं सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

आणि मोडलं म्हणजे संपलं असंही नाही. डीडीटीचा एक क्लोरीन गेला तर उरतं ते डीडीडी, तेही विषारीच. बीएचसीतून शेवटी बेंझिन किंवा क्लोरोबेंझिन उरू शकतं, त्याला पुढे जिवाणूच लागतात.

कॅनडात १९९१ मध्ये जमिनीखाली लोखंडाचा चुरा आणि वाळू यांची भिंत घालून भूजलातले क्लोरीनवाले द्रावक मोडून दाखवले गेले. पुढे अमेरिकेतही अशा भिंती झाल्या. हे वाचून कुणी लेथवरचा चुरा आणून विहिरीत टाकू नये. त्या भिंतीतून पाणी किती वेगानं जातं, बाहेर काय पडतं, हे सगळं मोजलेलं असतं. आपल्याकडे पाणी लाल होईल, विष तिथंच राहील.

एक गैरसमजही दूर करू. मृदा आरोग्य पत्रिकेत लोहाचा आकडा येतो, पण औषधाचा अंश त्यात तपासलेला नसतो. तो हवा असेल तर अवशेष तपासणारी वेगळी प्रयोगशाळा लागते आणि त्याचे पैसेही वेगळे.

माळ्यावर, गोठ्यात जुना डबा अजून असेल तर तो जाळू नका, ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नका. तो पोरांच्या हाती लागणार नाही असा बंद ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयात विचारा. रिकामा डबा धुऊन त्यात पीठ किंवा पाणी भरणाऱ्या घरच्यांना तर आजच थांबवा. धुतल्यानं हे कुळ जात नाही.